जुन्या स्वयंपाकघराचा कायापालट : अल्प खर्च, स्वतःचे श्रम

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांत पडणारे अंतर पूर्वजांनी या मोजक्या शब्दांत सांगून ठेवले आहे. परंतु बांधून झालेल्या घराला पंचवीस-तीस वर्षे लोटल्यावर त्यातील स्वयंपाकघराचे काय करावे, याविषयी मात्र म्हणी मौन पाळतात. बैठकीच्या खोलीला दोन-तीन वर्षांनी नवा रंग मिळतो, पडदे बदलतात, दूरचित्रवाणी संच बदलतो. स्वयंपाकघर मात्र ‘पुढच्या वर्षी पाहू’ या सदरात वर्षानुवर्षे पडून राहते.

याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण खर्चाची धास्ती. ‘मॉड्युलर किचन’च्या जाहिराती पाहिल्या की लाखांच्या खाली काही होतच नाही, अशी समजूत होते. दुसरे कारण अधिक विचार करण्याजोगे आहे. घरात खर्चाचा निर्णय घेणारी व्यक्ती आणि स्वयंपाकघरात दिवस काढणारी व्यक्ती बहुधा एक नसते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे देतात. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा वेळ सरासरी ८८ मिनिटांचा आहे. ज्या जागेत या वेळेचा मोठा भाग जातो, तिच्या सुधारणेस चैन म्हणता येणार नाही. म्हणून अंदाजपत्रक मांडताना पहिला शब्द त्या जागेत काम करणाऱ्या व्यक्तीचा असावा.

बदलीच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे चेन्नईत येतात आणि अशोकनगर, के. के. नगर, अण्णानगर, पश्चिम मांबळम अशा भागांतील जुन्या सदनिकांत राहतात. यांपैकी कित्येक वसाहती १९६१ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू गृहनिर्माण मंडळाने उभारल्या. अशा सदनिकांतील स्वयंपाकघराचे रूप थोड्याफार फरकाने ठरलेले असते : कडप्प्याचा बुटका ओटा, सिमेंटच्या उघड्या फळ्या, एकच दिवा, कोपऱ्यात लहान सिंक आणि सारे प्लग जिथे नको तिथे. आमच्या पश्चिम मांबळम येथील घरीही हेच चित्र होते. सत्तरी ओलांडलेल्या मातोश्रींना संध्याकाळी विळीची धार नीट दिसत नसे, हे कामास हात घालण्याचे तातडीचे कारण ठरले. त्या अनुभवाच्या आधारे आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सुचेल अशा पद्धतीने हा विषय येथे मांडला आहे. त्याचे सूत्र एकच : आधी जे दिसत नाही ते, मग जे हाताला लागते ते आणि शेवटी जे डोळ्यांना दिसते ते.

१. आधी मोजदाद, मग खरेदी

कोणत्याही भांडाराच्या हिशेबात साठ्याचे अ-ब-क वर्गीकरण केले जाते. तेथे निकष मूल्याचा असतो. स्वयंपाकघरात तो वापराचा लावावा. एका रविवारी सर्व फळ्या रिकाम्या करून वस्तूंचे तीन गट करावेत. रोज लागणाऱ्या वस्तू ‘अ’ गटात, आठवड्या-पंधरवड्याने लागणाऱ्या ‘ब’ गटात आणि सणासुदीलाच निघणाऱ्या ‘क’ गटात. ‘अ’ गटाची जागा कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीत, ‘ब’ गटाची ओट्याखाली आणि ‘क’ गटाची माळ्यावर. एवढ्या एका कामानेच जागा कमी पडण्याची निम्मी तक्रार मिटते आणि नवे कपाट करण्याचा बेत पुष्कळदा रद्द होतो.

तिन्ही गटांत न बसणाऱ्या वस्तूंना निरोप द्यावा. येथे तमिळ पंचांग आपल्या मदतीला येते. आपल्याकडे संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. तमिळनाडूत त्याच दिवशी पोंगलच्या स्वागतासाठी घरातील जुने सामान बाहेर काढण्याची रीत आहे. मात्र ते रस्त्यावर जाळू नये. प्लास्टिक आणि रबर जाळल्याने होणाऱ्या धुराचा त्रास सर्वांनाच भोगावा लागतो. चेपलेली ॲल्युमिनियमची पातेली, तांब्या-पितळेची फुटकी भांडी वजनावर विकावीत आणि आलेली रक्कम सुधारणेच्या खात्यात जमा दाखवावी.

२. अंदाजपत्रक

उदाहरणादाखल २४,००० रुपयांची मर्यादा गृहीत धरू. वस्तूंचे दर शहरागणिक व काळागणिक बदलतात. म्हणून येथे दरांपेक्षा रकमेच्या वाटणीकडे लक्ष द्यावे.

वायरिंग, स्विच, प्लग, दिवे आणि तंत्रज्ञाची मजुरी : ५,५०० रुपये
नळ, सिंक, निचरा आणि गळतीची दुरुस्ती : ४,००० रुपये
गॅसची नळी आणि हवा बाहेर टाकणारा पंखा : ३,००० रुपये
ओटा, मांडणी, जाळ्या आणि आकडे : ४,५०० रुपये
कपाटांची दारे, बिजागऱ्या, कड्या आणि रंग : ३,६०० रुपये
भिंती आणि टाइल्सचे सांधे : १,००० रुपये
आकस्मिक खर्च (दहा टक्के) : २,४०० रुपये

पहिल्या तीन बाबींवर १२,५०० रुपये, म्हणजे निम्म्याहून अधिक रक्कम खर्ची पडते आणि काम संपल्यावर पाहुण्यांच्या नजरेला त्यातील फारसे काही पडत नाही. अनेकांचा हात येथेच आखडतो. रंग आणि चकचकीत कड्यांनी सुरुवात केली जाते. चार महिन्यांनी भिंतीतून पाणी झिरपते आणि नवा रंग खरवडून नळ दुरुस्त करावा लागतो. एकाच कामासाठी दोनदा पैसे मोजण्याचा हा प्रकार टाळावयाचा, तर क्रम पाळणे आवश्यक आहे.

३. जे दिसत नाही ते

*वीज.* जुन्या घरांचे वायरिंग त्या काळच्या उपकरणांसाठी केलेले असते. आज त्याच तारांवर मिक्सर, वेट ग्राइंडर, मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन शेगडी यांचा भार पडतो. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टला सुमारे पावणेनऊ अँपियर प्रवाह घेते. सहा अँपियरच्या साध्या प्लगवर ती चालविणे म्हणजे आगीला निमंत्रण होय. तिच्यासाठी सोळा अँपियरचा स्वतंत्र प्लग आणि योग्य जाडीची तार हवी. अर्थिंग तपासून घ्यावे आणि तीस मिलिअँपियर क्षमतेचा आरसीसीबी बसवून घ्यावा. ओल्या हातांनी उपकरणे हाताळली जाणाऱ्या जागेत हे छोटे उपकरण प्राण वाचविते. हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे. काटकसरीची ही जागा नव्हे.

दिव्याचे काम मात्र लाभाचे आहे. जुनी नळी आणि तिचा चोक मिळून सुमारे ५५ वॅट वीज घेतात, तर एलईडी पट्टी २० वॅटमध्ये तेवढाच किंवा अधिक प्रकाश देते. रोज पाच तास धरले तरी वर्षाला सुमारे ६४ युनिटची बचत होते. तमिळनाडूत घरगुती विजेचे देयक दोन महिन्यांनी येते आणि दर टप्प्याटप्प्याने वाढतात. त्यामुळे वाचलेले युनिट वरच्या दराचे असते. शिवाय एक छोटी पट्टी वरच्या फळीच्या खालच्या बाजूस लावावी. छताचा दिवा पाठीमागे असला की आपलीच सावली ओट्यावर पडते. चिरताना प्रकाश हातावर पडला पाहिजे, डोक्यावर नव्हे.

*गॅस.* गॅसची रबरी नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेची जाळी असलेली आणि अधिकृत वितरकाकडून घेतलेली असावी. तिची मुदत पाच वर्षांची असते. ती संपताच नळी बदलावी. नळी कपाटाच्या मागे दडवू नये, तिला रंग लावू नये. सिलिंडर नेहमी उभा आणि शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला दार लावावयाचे असल्यास तळाशी जाळी ठेवणे अगत्याचे आहे. गॅसचा वास आल्यास पंख्याचे किंवा दिव्याचे बटण दाबू नये. रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, घराबाहेर पडावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे.

*पाणी.* जून २०१९ मध्ये चेन्नईला पाणी पुरविणारे प्रमुख तलाव कोरडे पडले, तेव्हा रंगीबेरंगी ‘कुडम’ म्हणजे घागरी घेऊन रांगेत उभी असलेली माणसे साऱ्या देशाने पाहिली. थेंब-थेंब गळणारा नळ त्यानंतर तरी क्षुल्लक वाटू नये. बहुतेक नळांचा दोष आतील झिजलेल्या वायसरमध्ये असतो. तो बदलण्यास एक पाना आणि पंधरा मिनिटे पुरतात. आधी मुख्य तोटी मात्र बंद करावी. नळाच्या तोंडावर हवा मिसळणारी जाळी बसविली की धार मऊ होते आणि पाणी कमी लागते. सिंकच्या कडेची जुनी लांबी खरवडून, जागा पूर्ण कोरडी करून सिलिकॉन भरावे आणि चोवीस तास तेथे पाणी लागू देऊ नये. ओट्याखालची ओल, झुरळे आणि कुबट वास यांचे मूळ पुष्कळदा या एका फटीत असते.

४. जे हाताला लागते ते

स्वयंपाकघराची मांडणी हा अभ्यासाचा विषय आहे, हे जगाने पहिल्या महायुद्धानंतर ओळखले. १९२६ मध्ये मार्गारेटे लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या कामगार वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. त्याची रुंदी सुमारे १.९ मीटर आणि लांबी सुमारे ३.४ मीटर एवढीच होती. परंतु काम करणारी स्त्री किती पावले चालते आणि किती वेळा वाकते याचा विचार करून प्रत्येक वस्तूची जागा ठरविली होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बांधली गेली. आजच्या महागड्या मॉड्युलर किचनचे मूळ, गंमत म्हणजे, कमी खर्चाच्या या सरकारी घरांत आहे. आपल्या जुन्या सदनिकेतील स्वयंपाकघरही साधारण तेवढेच असते. तेव्हा अडचण जागेची कमी आणि मांडणीची अधिक.

एक साधा प्रयोग करावा. चहा करताना घरातील व्यक्ती किती वेळा वळते, वाकते आणि चालते, हे दुसऱ्याने शांतपणे मोजावे. साखर एका टोकाला, गाळणे दुसऱ्या टोकाला आणि पातेले ओट्याखाली असल्यास उत्तर तेथेच मिळते. मग वस्तू हलवाव्यात. भिंतीवर स्टीलची एक दांडी आणि दहा आकडे लावले की झारे, पळ्या, गाळणी हाताशी येतात. फळीच्या आत दुसरी ठेंगणी फळी ठेवली की डब्यांची मागची रांगही दिसू लागते.

ओट्याची उंची हा पाठदुखीशी निगडित प्रश्न आहे. उभे राहून कोपर वाकविल्यास ओटा कोपरापेक्षा दहा ते पंधरा सेंटिमीटर खाली असावा. जुने ओटे याहून बुटके असतात. परंतु तेवढ्यासाठी ओटा फोडण्याची गरज नाही. शेगडीमुळे पातेले मुळातच वर येत असल्याने शेगडीच्या जागी बुटका ओटा सोयीचा ठरतो. उंची हवी असते ती चिरण्याच्या जागी. तेथे चार पायांचा, न घसरणारा जाड लाकडी पाट करून घ्यावा. एका सुताराचे अर्ध्या दिवसाचे हे काम वर्षानुवर्षांची पाठदुखी वाचविते.

कडप्पा निस्तेज झाला म्हणून बदलू नये. आंध्र प्रदेशातील कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड चुनखडीच्या जातीचा आहे. आम्लाने तो खरवडला जातो. म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे ॲसिड त्याला लावू नये. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग नळावरून काढण्यास लिंबूसत्त्व उत्तम. पण त्याचा ओघळ ओट्यावर येऊ देऊ नये. सौम्य साबणाने ओटा धुऊन, पूर्ण वाळवून खोबरेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा. दगडाचा काळा रंग पुन्हा उठून दिसतो.

५. जे डोळ्यांना दिसते ते

आता रंगाची पाळी. कपाटांची दारे धड असतील, तर ती बदलण्याऐवजी रंगवावीत. धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने तेलकट थर काढणे ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. तेलावर कोणताही रंग धरत नाही. दार वाळल्यावर आधी १२० आणि नंतर २२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने घासावे, भोके लांबीने बुजवावीत, प्रायमरचा एक हात द्यावा आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन पातळ हात द्यावेत. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात अधिक टिकतात. बिजागऱ्या आणि कड्या नव्या लावल्या की दार नवेच भासते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस घातक असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम भारतात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा थर कोरडा घासू नये. पाणी लावून घासावे, तोंडावर मास्क असावा, मुले व गरोदर स्त्रिया त्या खोलीत नसाव्यात आणि काम संपल्यावर जमीन ओल्या फडक्याने पुसावी.

टाइल्स फोडण्याऐवजी त्यांचे काळवंडलेले सांधे खरवडून पांढरे सिमेंट किंवा इपॉक्सी भरावे. जुन्या टाइल्स निम्म्याने नव्या दिसतात. चिकटपट्टीच्या कागदी टाइल्स स्वस्त असतात, परंतु शेगडीच्या मागे त्या लावू नयेत.

नवे कपाट करावयाचेच असल्यास चेन्नईच्या पाण्याचे भान ठेवावे. डिसेंबर २०१५ चा महापूर आणि डिसेंबर २०२३ चे ‘मिचाँग’ चक्रीवादळ या दोन्ही वेळी शहरातील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगतो आणि पुन्हा मूळ रूपात येत नाही. ओट्याखाली मरीन प्लाय, ॲल्युमिनियम किंवा पीव्हीसी वापरावे आणि कपाट जमिनीपासून उचलून पायांवर उभे करावे.

६. काळ-वेळ

येथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे पडतो. त्या दमट हवेत रंग नीट वाळत नाही. मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रम्’च्या दिवसांत बंद खोलीत घासकाम करणे प्रकृतीस झेपत नाही. म्हणून पोंगलनंतर मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वोत्तम. मार्च महिना बँकेतील मंडळींना वर्षअखेरीच्या कामाचा. तेव्हा त्यांनी बेत फेब्रुवारीपर्यंतच उरकावा. दुसरा-चौथा शनिवार आणि त्याला लागून येणारा रविवार असे जोड-दिवस हाती घ्यावेत. एका वेळी एकच भिंत किंवा दोनच दारे घेतली, तर घरातील चूल एक दिवसही बंद राहत नाही.

७. भाडेकरूंसाठी

भाड्याच्या घरात मालकाची लेखी संमती घेतल्याशिवाय वायरिंग, नळ किंवा टाइल्सना हात लावू नये आणि खर्च कोणी सोसावयाचा हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे. तमिळनाडूत २०१९ पासून अमलात असलेल्या भाडेकायद्यानुसार भाडेकरार लेखी असणे आवश्यकच आहे. भाडेकरूने आपला पैसा शक्यतो सोबत नेता येईल अशा वस्तूंत घालावा : चिरण्याचा पाट, सुटी मांडणी, प्लगवरची एलईडी पट्टी, आकड्यांची दांडी. लेखाशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर मालमत्तेत कायमची भर घालणारा भांडवली खर्च मालकाचा आणि दैनंदिन सोयीचा महसुली खर्च भाडेकरूचा, ही वाटणी दोघांनाही न्याय्य वाटते.

८. पैसा कोठून आणावा?

एवढ्या रकमेसाठी कर्ज काढू नये, असे एका बँक अधिकाऱ्याने सांगणे काहींना विचित्र वाटेल. परंतु क्रेडिट कार्डावरील थकबाकीस दरमहा तीन टक्क्यांच्या आसपास, कित्येकदा त्याहून अधिक व्याज पडते. म्हणजे वर्षाला छत्तीस टक्क्यांच्या घरात. त्यापेक्षा ४,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते सहा महिन्यांसाठी उघडावे. मुदतीअखेर २४,००० रुपये आणि त्यावरील व्याज हाती येते. जुलैत पहिला हप्ता भरला, तर जानेवारीत, नेमकी भोगीच्या सुमारास रक्कम तयार असते. या सहा महिन्यांचा आणखी एक लाभ होतो : जे आज अत्यावश्यक वाटते, त्यातील काही गोष्टी डिसेंबरपर्यंत यादीतून आपोआप गळतात. उरते ती खरी गरज.

प्रत्येक खरेदीची पावती घ्यावी, मजुरीचे दर दोन-तीन ठिकाणी विचारावेत आणि कामाच्या दिवशीच जमाखर्च लिहावा. आकस्मिक निधी उरल्यास तो लगेच शोभेच्या वस्तूंकडे वळवू नये. वर्षभरानंतर कोणता नळ गळतो आणि कोणती बिजागरी सैल होते, हे पाहून तो वापरावा. आणि सर्व संपल्यावर यशाची परीक्षा कोणत्या निकषावर करावी? किती लोकांनी कौतुक केले यावर नव्हे. संध्याकाळी कांदा चिरणाऱ्या व्यक्तीला विळीची धार स्पष्ट दिसते का, तिची पाठ दुखायची थांबली का आणि रात्री झोपताना गॅस व विजेची चिंता उरली नाही ना, या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर खर्च केलेला प्रत्येक रुपया सत्कारणी लागला असे समजावे.